बाजूला ठेवलेली स्लाइड

बाभुळगावच्या ज्या कॉलेजात इंदूबाई नोकरीला आहे, तिथं नव्या मास्तराला पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट कळते. ही बाई कुणावरही विश्वास ठेवत नाही. तुमच्यावर ठेवणार नाही, प्राचार्यांवर ठेवत नाही, भिंतीवरच्या घड्याळावरही नाही. ती जीवशास्त्राच्या लॅबची अटेंडंट आहे. काचेच्या स्लाइड पुसणं, मायक्रोस्कोप काढून मांडणं, कांदे आणून ठेवणं, हे तिचं काम. पण आयोडीनची बाटली हाताशी असल्यावर संशयी माणूस गप्प बसतो थोडाच? गावातून खवा आला की ती त्यावर आयोडीनचा थेंब टाकते. निळा पडला की पीठ मिसळलेलं, आणि मग दुकानदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार. एकदा प्राचार्यांच्या नातीच्या बारशाचे पेढे तिनं असेच सगळ्यांदेखत तपासले. पेढे चांगले निघाले, पण प्राचार्य महिनाभर तिच्याशी बोलले नाहीत.

कामात मात्र बाई पक्की. अकरावीची पोरं पहिल्या प्रॅक्टिकलला आली की कांद्याच्या पाकळीची आतली पातळ साल चिमट्यानं कशी ओढायची, ते मॅडमच्या आधी हीच दाखवते. थेंबभर पाणी, थेंबभर आयोडीन, वरून कव्हरस्लिप तिरपी धरून हळूच सोडायची. घाई केली की हवेचा बुडबुडा अडकतो, आणि दरवर्षी निम्मी पोरं तो बुडबुडाच पेशी म्हणून वहीत काढतात. इंदूबाई मागून येते आणि म्हणते, "पुस ते. तो बुडबुडा होय. ज्याची कड लय ठसठशीत दिसते नं, त्याच्या पोटात काही नसते."

मग ती पोरांना खरी पेशी दाखवते. कांद्याच्या पेशी विटांसारख्या एकीला एक लागून, प्रत्येकीला स्वतःची भिंत, आणि आत एका कोपऱ्यात ठिपका, तो केंद्रक. गालाच्या आतून काडीनं खरवडून घेतलेल्या पेशीला भिंत नाही, नुसतं पातळ पटल, म्हणून ती कशीही वाकडीतिकडी पसरते. तळ्यातल्या शेवाळात हिरवे दाणे दिसतात, त्यांच्यावर झाडाचा स्वयंपाक चालतो. आणि रक्ताची लाल पेशी तर सगळ्यांत गरीब, तिला केंद्रकही नाही, गोल चपटी, मधे दबलेली, नुसती हमाली करायची, प्राणवायू इकडून तिकडं न्यायचा. हे सगळं तिनं पंधरा वर्षं मागच्या बाकामागं उभं राहून ऐकलेलं. पुस्तकातल्या चित्रात मात्र पेशीच्या पोटात आणखी दहा-बारा गोष्टी असतात. त्यातल्या तंतुकणिकांवर तिचा आजही विश्वास नाही. प्रियंका मॅडम सांगतात की आपल्या मायक्रोस्कोपमधून त्या नीट दिसत नाहीत. इंदूबाई म्हणते, "दिसत नाही ते मी मानत नाही."

ही बाई जन्मापासून अशी नव्हती, हेही सांगितलं पाहिजे. तिचा नवरा बाबाराव याच लॅबमध्ये अटेंडंट होता, तो हृदयविकारानं गेल्यावर अनुकंपावर तिला त्याची जागा मिळाली. पण संशय त्याच्याही आधीचा, एकोणीस वर्षांपूर्वीचा. तिला ऋतिक नावाचा पोरगा होता. तान्हा असताना त्याच्या हातापायाची बोटं फल्लीच्या, म्हणजे भुईमुगाच्या, शेंगांसारखी टम्म सुजायची. पुढं दर दोन-तीन महिन्यांनी ताप, हाडं दुखतात म्हणून रडणं, डोळे पिवळट, पोट पुढं आलेलं. डॉक्टर सलाईन लावायचे आणि रक्त कमी आहे म्हणायचे. पाचव्या वर्षी एका दुपारी तो अंगणात खेळत होता आणि धाकट्या जावेनं, नलूनं, त्याच्या हातावर फल्लीचा लाडू ठेवला. संध्याकाळी त्याला ताप भरला, पोटात दुखायला लागलं. सकाळी यवतमाळच्या दवाखान्यात पोचायच्या आधीच गाडीत त्यानं मान टाकली.

नलूच्या लग्नाला तेव्हा तीन वर्षं झाली होती आणि कूस उजवली नव्हती. इंदूबाईनं ऋतिकच्या मातीला जमलेल्या सगळ्या माणसांसमोर तिला विचारलं, "लाडवात काय घातलंतं व?" करणी-बिरणी इंदूबाईच्या घरानं कधी मानली नाही, विहारात जाणारं घर. पण लाडू तर तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. नलू नुसती बघत राहिली, आणि इंदूबाईच्या मते गुन्हेगारच असं बघतो. त्याच साली दोन भावांच्या अंगणात टिनाची भिंत उभी राहिली. पुढं नलूला कपिल झाला, ती गावची आशा कार्यकर्ती झाली, घरोघर औषधं वाटू लागली. इंदूबाईच्या दारी तिनं वाटलेली एक गोळीही कधी कुणी गिळली नाही.

आता इंदूबाईकडं एकच लेकरू उरलं, निकिता. तेवीस वर्षांची, बाभुळगावच्या एका बालवाडीत शिकवते. तिच्या दोन सोयरिकी आईच्या शंकेनं मोडल्या होत्या. पहिल्या पोराच्या घरचे फार गोड बोलत होते, म्हणून. दुसऱ्याच्या घरचे फार कमी बोलत होते, म्हणून. तिसरा वणीचा प्रफुल्ल. कोळशाच्या खाणीत इलेक्ट्रिशियन, वडील नानाजी एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. निकिताला पोरगा मनापासून आवडला आणि तिनं आईला बजावून ठेवलं, "आई, ही तिसरी मोडली तं मी लग्नाचं नावच काढणार नाही. अन् तुह्याशी बोलणारही नाही, ते येगळं."

झालं. पाहुणे आले, इंदूबाईनं गरम भजी ठेवली, आणि प्रफुल्लनं ताटली हळूच बाजूला सारली. तेलकट खात नाही म्हणाला. वऱ्हाडातला जवान पोरगा आणि भजी नको म्हणतो, इथंच बाईचे कान टवकारले. मग तिनं त्याचे डोळे पाहिले. पांढरा भाग किंचित पिवळट. निघताना तो मोटारसायकलला किक मारून दमला आणि जरा ओट्यावर टेकला. नानाजी घाईनं म्हणाले, "प्रवासानं थकला. काई नाई."

पिवळे डोळे इंदूबाईनं आधीही पाहिले होते. मागच्या वर्षी बारावीत पायल नावाची एक पोरगी होती, अधूनमधून अंग दुखतं म्हणून बाकावर डोकं टेकून बसायची. तिला सिकलसेल हा रक्ताचा आजार होता, सरकारी लाल कार्ड होतं. तिच्याच संमतीनं प्रियंका मॅडमनं तिच्या रक्ताचा थेंब स्लाइडवर घेतला, वर कव्हरस्लिप ठेवली आणि कडेनं नेलपॉलिश लावून ती बंद केली. हवा आत जायची सोय नाही. दुसऱ्या दिवशी बघितलं तर गोल पेशी वाकून विळ्यासारख्या झालेल्या, दोन्ही टोकं अणकुचीदार. मॅडमनं सांगितलं होतं, प्राणवायू संपला की अशा पेशींतलं हिमोग्लोबिन ताठ होतं, पेशी वाकते, बारीक नळ्यांमध्ये अडकते, आणि जिथं अडकते तिथं माणसाला असह्य दुखतं. शेजारी मॅडमनं स्वतःच्या रक्ताची साधी स्लाइडही ठेवली होती. "एका स्लाइडवर भरवसा नाही ठेवायचा," त्या पोरांना म्हणाल्या होत्या, "बाजूला चांगली ठेवा, मग फरक कळतो." इंदूबाईला मॅडमचं हे वाक्य फार पटलं होतं. भरवसा नाही ठेवायचा म्हटलं की तिला पटतंच.

तिनं नानाजींना फोन लावला. पोराचं सिकलसेलचं कार्ड पाठवा म्हणाली. नानाजी जरा अडखळले.

"असंल कुठंतरी, ईनबाई. घर बदलवलं तवापासून सापडत नाई." मग त्यांनी विचारलं, "निकिताचं हाय नं?"

"आमच्याकडं कोणालेच काही नाही," इंदूबाई ठणकावून म्हणाली.

आता खरं सांगायचं तर निकिताची तपासणी कधी झालीच नव्हती. सहा वर्षांपूर्वी गावात सिकलसेलचं शिबिर झालं, घरोघरची पोरं बोट टोचून घेत होती, आणि खुर्चीवर आशा म्हणून नलू बसलेली. इंदूबाईला वाटलं, एक पोरगं खाल्लं, आता दुसऱ्याचं रक्त पाहिजे हिले. तिनं त्या दिवशी निकिताला घरात कोंडून कडी लावली. तेव्हा आपलं कार्ड नाही, ही गोष्ट लपवायची आणि समोरच्याचं मागायचं. न्याय असा की आपली ती हुशारी आणि दुसऱ्याची ती लबाडी.

साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, पंधरा दिवसांवर आलं होतं. प्रफुल्ल एका शुक्रवारी रजा घेऊन कपडे घ्यायला यवतमाळला निघाला, तेव्हा इंदूबाईनं त्याला तिथून पुढं बाभुळगावला कॉलेजात बोलावलं. आजकाल लग्नाआधी ब्लडग्रुप पाहतात म्हणाली. कॉलेजात त्याचं सामान असतंच, बारावीच्या प्रॅक्टिकलला लागतं. निकिता तिथंच उभी होती, तिला आईचा डाव कळला नाही. इंदूबाईनं प्रफुल्लचं बोट कापसानं पुसलं, नवी सुई फोडली, टोचलं. तीन थेंब ब्लडग्रुपला घेतले आणि चौथा एका वेगळ्या काचेवर.

"काकू, हा कायले?" प्रफुल्लनं विचारलं.

"पोरायले दाखवाले. प्रॅक्टिकल हाय सोमवारी."

तो काचेकडं बघत राहिला, मग मान हलवून गेला, त्याला सोडायला निकिताही गेली. इंदूबाईनं दार लोटलं आणि निकिताच्या पर्समधून मागून घेतलेल्या लाल नेलपॉलिशनं कव्हरस्लिपची चारही अंगं बंद केली. बाजूला चांगली स्लाइड पाहिजे, म्हणून तिनं स्वतःचं बोट टोचलं. तिच्या मते गावात खात्रीचं रक्त एकच होतं, तिचं. ती स्लाइड गुलाबी नेलपॉलिशनं बंद केली. चिठ्ठी लावली नाही, कारण चिठ्ठी कुणीही वाचू शकतं. दोन्ही स्लाइड कपाटात गेल्या आणि ती शांतपणे घरी आली. खरं म्हणजे शांत कशाची, रात्री जेवली नाही.

शनिवारी सकाळच्या पाळीत लॅब रिकामी होती. तिनं आधी लाल स्लाइड लावली. गोल पेशी. काच सरकवली. पुन्हा गोल. या टोकापासून त्या टोकापर्यंत बुंदीच्या कळ्यांसारख्या सगळ्या गोलच. बाईला वाईट वाटलं. होणारा जावई निरोगी निघाला म्हणून वाईट वाटणारी आई तुम्ही पाहिली नसेल, पण ती तिथं बसली होती. इतके दिवस जपलेला संशय असा हातातून गेला की माणसाला चुकल्यासारखं होतं. आणली आहे तर बघू म्हणून तिनं गुलाबी स्लाइड लावली.

पेशी वाकलेल्या होत्या. सगळ्या नाहीत, पण जिकडं बघावं तिकडं, वाळल्या मिरचीसारख्या बारीक, टोकदार, पायलच्या स्लाइडमध्ये होत्या तशाच.

इंदूबाईनं मायक्रोस्कोपचा दिवा बंद केला. घाबरली वगैरे नाही, सरळ रागावली. कुणीतरी स्लाइड बदलल्या होत्या. पॉलिश खरवडून, लाल जागी गुलाबी, गुलाबी जागी लाल. आणि कपाटाची दुसरी किल्ली घरी खुंटीला असते. घरी कोण असतं? निकिता. सकाळी ती गावाहून आईच्या आधी बाभुळगावला आली होती. नेलपॉलिशही तिचंच. सोयरीक मोडू नये म्हणून पोरगी काय वाट्टेल ते करेल. सगळं कसं चपखल बसलं. संशयाचं असंच असतं, जो खुंटा ठोकाल तो बसतो.

दुपारी निकिता लॅबमध्ये डबा द्यायला आली, तेव्हा इंदूबाईनं दार लावून घेतलं.

"स्लाइड तू बदलवल्या."

निकिताला आधी काही समजेना. आईनं सगळं सांगितलं, थेंब, पॉलिश, लाल, गुलाबी. ऐकता ऐकता पोरीचा चेहरा बदलत गेला.

"म्हणजे तू त्याचं रक्त चोरलं," ती म्हणाली. "अन् आता मले चोर म्हणून राह्यली."

"मंग माह्या काचेवर हे कसं आलं?"

"नलूकाकूलेही तू असंच इचारलंतं," निकिता म्हणाली. "लाडवात काय घातलंतं. मी तवा चार वर्षांची होती, तरी मले आठवते. तुले उत्तर कधी पाह्यजेच नसते आई, तुले माणूस पाह्यजे असते."

इंदूबाईला पोरीला एक ठेवून द्यावीशी वाटली. दिली नाही. तिनं दुसरं काम केलं. नवी सुई काढली, निकिताला समोर बसवलं, आणि आपल्या डाव्या हाताची तीन बोटं एकापाठोपाठ एक टोचली. तीन थेंब, तीन काचा, तिन्हीवर गुलाबी. तिला वाटत होतं, एका बोटात दोष निघेल, तिन्हींत कसा निघेल? पंधरा वर्षं लॅबमध्ये काढलेल्या बाईला रक्त सगळीकडं एकच असतं हे काय माहीत नव्हतं? माहीत होतं. पण माणूस अडला की शिकलेलं विसरतो. कपाटाला कुलूप घातलं, दोन्ही किल्ल्या पदराला बांधल्या. त्या दिवशी आईशी पोरगी बोलली नाही.

रविवारी दुपारी दोघी कॉलेजात गेल्या. कुलूप जसंच्या तसं. इंदूबाई खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "तू पाय आधी."

निकितानं पहिली काच पाहिली. दुसरी पाहिली. तिसरी बराच वेळ पाहिली.

"आई, हे तुहंच होय," ती हळू आवाजात म्हणाली. राग कुठल्या कुठं गेला होता.

आपल्याकडं म्हणतात, हसे लोकाले अन् शेंबूड आपल्या नाकाले. इंदूबाईला ती म्हण आठवली असेल तर तिनं दाखवलं नाही. तिनं प्रियंका मॅडमला फोन केला. मॅडम बाभुळगावातच राहतात, घरच्या कपड्यांवर आल्या. त्यांनी स्लाइड पाहिल्या, मग इंदूबाईच्या शेजारी बसल्या.

"काचेवर हे पक्कं ठरत नाही, सरकारी तपासणी करावी लागेल," मॅडम म्हणाल्या. "पण बहुतेक तुम्ही वाहक आहात. घाबरायचं काही नाही. आईकडून एक आणि बापाकडून एक, असे दोन गुण लेकराला मिळतात. तुम्हाला एक चांगला मिळालाय, एक सिकलचा. चांगला एक असला की माणूस धडधाकट राहतो, आयुष्यभर कळतही नाही."

"अन् बापही असाच असंल तं?"

"तर मग भीती असते. दोघांकडूनही सिकलचाच आला की लेकराला आजार. दर बाळंतपणात चारात एक शक्यता."

इंदूबाईनं पदराच्या किल्ल्या हातात घट्ट धरल्या. तिचा आवाज एकदम बारीक झाला.

"त्या लेकराची बोटं सुजते काय, मॅडम? तान्हं असताना?"

"सुजतात. बऱ्याचदा पहिली खूण तीच असते."

"डोळे पिवळे?"

"हो."

"पोट पुढं येते? हाडं दुखते म्हणून रडते?"

"हो, इंदूबाई. पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढते, त्यानं पोट पुढं येतं. लहान मुलांना नुसता ताप आला तरी धोका असतो. एका दिवसात जातात कधी कधी."

इंदूबाईनं पदराची गाठ सोडून किल्ल्या टेबलावर ठेवल्या. मग तिनं विचारलं, "लाडू खाल्ल्यानं होते काय?"

"कसला लाडू?" मॅडमनं विचारलं.

निकितानं आईच्या पाठीवर हात ठेवला आणि इंदूबाई ऋतिक गेला तेव्हा रडली नव्हती इतकी रडली. तेव्हा तिला रागवायला माणूस मिळालं होतं, रडायला फुरसतच झाली नव्हती.

घरी आल्यावर ती अंगणात टिनाच्या भिंतीपाशी उभी राहिली. भिंतीला दार नव्हतं, तिनंच ठेवू दिलं नव्हतं. म्हणून पलीकडच्या घरी जायला तिला रस्त्यावरून, अख्ख्या गल्लीच्या डोळ्यांसमोरून, वळसा घालून जावं लागलं. नलू ओट्यावर सुपात तूर पाखडत होती. जावेला दारात बघून तिनं सूप खाली ठेवलं, पण ये म्हणाली नाही.

"नलू," इंदूबाई म्हणाली, "ऋतिकले सिकल होता."

"मले माहीत हाय," नलू म्हणाली.

इंदूबाईला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

"कपिलचं कार्ड पिवळं, वाहकाचं, निघालं नं शिबिरात, त्या दिवशी समजलं," नलू सांगू लागली. "टेरनिंगमंदी सिस्टरनं सुजल्या बोटायचे फोटो दाखवले, तवाच मले ऋतिक दिसला. दोन्ही भावायच्या रक्तात हाय, हे समजाले काय लागते? मी तुह्या दारी आलती बाई. निकिताचं रक्त तपासू अन् तुले सांगू म्हणून. तू आतून कडी लावली."

"मंग सांगतलं काहून नाही? सहा वर्षं झाले."

"टिनातून सांगू काय?" नलूचा आवाज चढला. "तू म्हणली असती, नवा बहाना शोधला हिनं. सगळ्या गावच्या पोरायले मी डोस पाजतो. गोळ्या देतो. पण एकोणीस वर्षं झाले बाई, एका लेकराच्या हातावर म्या खाऊ ठेवला नाही. पोट्टे मांगते, मी नाही म्हणतो. माह्या कपिलच्या वाढदिवसाचे चाकलेटही त्याच्या बापाच्या हातानं वाटले."

माफी हा शब्द इंदूबाईच्या तोंडून कधी निघालेला नाही, तेव्हाही निघाला नाही. ती ओट्यावर नलूच्या समोर बसली आणि उजव्या हाताचं बोट पुढं केलं, कारण डाव्याची तीन टोचून झालेली होती.

"घे. आधी माहं, मंग निकिताचं. तू घेशील तं घेऊ, नाहीतर कोणालेच देत नाही."

नलूनं तिच्या बोटाकडं पाहिलं. मग ती उठली, घरातून डबा आणला, कापूस काढला. टोचताना म्हणाली, "दुखंल." इंदूबाई म्हणाली, "दुखू दे."

आठ दिवसांनी यवतमाळहून कागद आले. इंदूबाई वाहक, निकिता वाहक. दोघींची कार्डं पिवळी. साक्षगंधाला चार दिवस उरले होते आणि आता सोयरीक मोडायची पाळी समोरच्यांची होती. निकिता म्हणाली, फोनवर नको, जाऊन सांगू. दोघी वणीला गेल्या. इंदूबाईनं चहाला हात लावायच्या आधी पिवळं कार्ड नानाजींपुढं ठेवलं.

"म्या खोटं बोलली होती," ती म्हणाली. "पोरीची तपासणी झालीच नव्हती. अन् तुमच्या पोराचं रक्त म्या न इचारता पाह्यलं."

नानाजींनी कार्ड उलटसुलट केलं. मग खालमानेनं म्हणाले, "आम्हीही खोटंच बोललो, ईनबाई. याले कावीळ झालती दोन महिन्याआधी. लोकं म्हणते पोरगा पिते म्हणून झाली. सोयरीक तुटंल म्हणून लपवलं. कार्ड तं कधी काढलंच नव्हतं."

म्हणून भजी नको होती आणि म्हणून डोळे पिवळे होते. प्रफुल्लनं खिशातून पाकीट काढलं, त्यात एक पांढरं कार्ड होतं, चार दिवसांपूर्वीचं.

"चौथा थेंब पाह्यला तवाच मले समजलं, काकू," तो म्हणाला. "म्हणलं, काकूले शंका हाय तं आपणच तपासून घेऊ. मी साफ हाय. एक जण साफ असला तं लेकरायले आजार होत नाही, दवाखान्यात इचारून आलो." मग निकिताकडं बघून म्हणाला, "मले चालते. तुले चालते काय?"

निकिता हसली. नानाजी म्हणाले, दोन्ही घरं सारखीच लबाड, जोडा बरा जमला. इंदूबाईनं तेव्हा कुठं चहाचा कप उचलला.

साक्षगंध इंदूबाईच्याच अंगणात झालं. मांडवाला जागा पुरेना म्हणून टिनाच्या भिंतीची दोन पत्रे काढले होते, ते पुढं लावायचे राहूनच गेले. बुद्धवंदना झाली, अंगठ्या झाल्या, आणि मग बायकांच्या घोळक्यातून नलू पुढं आली. तिच्या हातात झाकलेलं ताट होतं. आदल्या दिवशी इंदूबाईनं तिला एवढंच सांगितलं होतं, फल्लीचे लाडू कर. झाकण काढल्याबरोबर जुन्या बायका गप्प झाल्या. मातीला कोण काय बोललं होतं, हे गाव विसरलं नव्हतं.

नलूनं ताट जावेपुढं धरलं. प्राचार्यांच्या पेढ्यावर आयोडीन टाकणाऱ्या बाईनं लाडवाकडं नीट पाहिलंही नाही.

"मले नोको देऊ," इंदूबाई म्हणाली. "तुह्या हातानं निकिताले भरव."

नलू उभीच राहिली. निकितानंच पुढं होऊन तोंड उघडलं, तेव्हा तिनं लाडू मोडून अर्धा तिच्या तोंडात घातला. उरलेला अर्धा हातात धरून ती रडायला लागली. कुणाच्या तरी कडेवरच्या एका लेकरानं तो अर्धा मागायला हात पुढं केला, आणि नलूनं आधी इंदूबाईकडं पाहिलं.

"दे त्याले," इंदूबाई म्हणाली.